गजाभाऊंचं हेलिकॉप्टर

आमचे शेजारी गजाभाऊ कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी अंगण बघतात. मान वर करून माड आणि विजेच्या तारा न्याहाळतात आणि निकाल देतात, "इथं उतरेल," नाहीतर "इथं नाय उतरायचं." काय उतरायचं, हे आमच्या भाट्ये गावात आता कुणी विचारत नाही. हेलिकॉप्टर.

गजाभाऊ अग्निशमन दलात बंबाचे ड्रायव्हर. दलाला स्वतःचं हेलिकॉप्टर हवं, हे म्हणत म्हणतच ते निवृत्त झाले. वर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर गवत पेटलं की बंब खालीच अडकतो, पाणी वरून पडायला हवं, हे ते केस कापणाऱ्यालाही समजावतात. एक नगरसेवक हसून म्हणाले, "भाऊ, आधी बंबाला टायर मागा." गजाभाऊ शांतपणे म्हणाले, "टायर मागितला तर टायरच मिळतो ओ."

माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही सावर्ड्याला गेलो. मुलगी सगळ्यांना आवडली. गजाभाऊ घराभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, "स्थळ उत्तम. फक्त तो एक फणस आड येतोय." मुलीच्या वडिलांना वाटलं, पत्रिकेत काही निघालं.

गेल्या थंडीत मैदानावर बचावकार्याचं प्रात्यक्षिक होतं. खरं हेलिकॉप्टर येणार होतं. मी गजाभाऊंना गाडीत घेतलं, तर म्हणाले, "जरा खाडीकडे वळव. तारामावशीला घ्यायचंय."

ही मावशी कोण, ते वाटेत कळलं. नोकरीत असताना एका पुरात गजाभाऊ होडीतून माणसं काढत होते. होडी भरली आणि कौलांवर एकटी मावशी राहिली, मांडीवर दोन कोंबड्या घेऊन. ती घाबरून पाण्यात उतरू नये म्हणून हे ओरडून म्हणाले, "मावशी, हलू नका. तुमच्यासाठी हेलिकॉप्टर येतंय." हेलिकॉप्टर कुठलं यायला? संध्याकाळी हेच होडी घेऊन परत गेले. मावशी भिजून काकडली होती, पण नजर आभाळाकडे. म्हणाली, "तू कशाला आलास? मी त्याची वाट बघतेय."

"तेव्हापासून भेटली की विचारते, आलं का रे?" गजाभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. "खोटं बोललो होतो, हे सांगवत नाय."

मैदानावर कसरती झाल्या, हेलिकॉप्टर उतरलं, पंखे थांबले. गजाभाऊ अधिकाऱ्याला काहीतरी म्हणाले. मग दोघांनी धरून मावशीला आत बसवलं. नव्वदीची ती बाई पदर सावरून ऐटीत बसली.

"गजा, तू नाय बसत?"

"नाय. ते तुमच्यासाठी आहे."

हेलिकॉप्टर कुठून आलं, कुणाचं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने सीटवरून हात फिरवला.

"उशीर केलास रे," ती म्हणाली. "पण आणलंस."

गजाभाऊ तिच्या चपला हातात धरून खाली उभे होते. चपलांना लागलेली माती अंगठ्याने पुसत राहिले.