निळ्या ओठांचं प्रकरण

या शहरात माझ्याइतका तल्लख डिटेक्टिव्ह दुसरा नाही. पहिला मीच. शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर मी अवघ्या नऊ दिवसांत शोधून काढलं. ते आठव्या दिवशीच आपल्या पायांनी घरी आलं होतं, हा तपशील गौण.

त्या सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, बाळाचे ओठ निळे दिसले म्हणून धावत डॉक्टरांकडे गेलो. श्वास ठीक आहे, ओठांवरचा निळेपणा हा वरून लागलेला रंग निघाला. पण तो पोटात जात असेल तर धोका आहे, शिसंसुद्धा असू शकतं म्हणाले. रक्त तपासायला दिलंय. रंग कुठून आला ते शोधा म्हणाले."

'शोधा' हा शब्द ऐकताच मी भिंग खिशात टाकलं आणि बहिणीचं घर गाठलं.

पहिला संशय मेव्हण्यांवर. मी त्यांच्या खिशातलं पेन हुंगलं. शाई काळी निघाली.

"वरच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे. भिंत निळी!" मी गरजलो.

"दादा, बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याला जिना चढता येत नाही."

"तसं ते भासवतंय."

बहिणीचे डोळे भरून आले होते, म्हणून मी तो मुद्दा तूर्त राखून ठेवला. बाळ सतरंजीवर बसून खुळखुळा चघळत माझी कार्यपद्धती न्याहाळत होतं.

मी पडद्यांच्या धाग्यांकडे वळलो, तेवढ्यात धुणंभांडी करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी बाळाच्या हातातला खुळखुळा काढून घेतला आणि ओल्या फडक्याने घासला. फडकं निळं झालं.

"तुमचं चालू द्या, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी आपलं नुसतं पुसलं."

"हा आणला कुणी?" मी करड्या आवाजात विचारलं.

"तू," बहीण म्हणाली. "गेल्या रविवारी."

खोका अजून कपाटावर होता. त्यावर 'शंभर टक्के सुरक्षित' हे शब्द खुळखुळ्यापेक्षा मोठे होते. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. तो हातात धरून आम्ही तडक दुकान गाठलं.

"सुरक्षित लिहिलंय ना, साहेब?" दुकानदार म्हणाला.

"लिहिलंय कुणी?"

"ते मला काय ठाऊक? माल येतो, मी विकतो."

मी भुवई उंचावण्याचा विचार करत होतो, तोवर बहिणीने खोक्याचे फोटो काढून ग्राहक तक्रार कार्यालयाला फोन लावलासुद्धा. दुकानदाराने घाईघाईने फळीवरचे सगळे खुळखुळे उतरवले.

चार दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. काही सापडलं नाही. बहीण खुर्चीत बसून आधी रडली, मग हसली. मला कडेवर घ्यायला बाळ मिळालं.

प्रकरणाची नोंद मी प्रामाणिकपणे केली. आरोपी: खुळखुळा. तपास: मावशी. आरोपीला घरात घेणारा साथीदार: बाळाचा मामा, अद्याप मोकाट.