बाबांच्या खुर्चीखालचं थ्रस्ट बेअरिंग

कारखान्यातल्या फोरमनने रविवारी सकाळी वडिलांची फिरती खुर्ची उलटी केली. त्या वेळी बाबा तिच्यात बसलेले नव्हते, एवढी खबरदारी त्याने घेतली होती.

खुर्ची फिरताना भयंकर करकरायची. पण फोरमनचं दुखणं वेगळंच होतं. बाबांनी सगळी हयात लेथ मशीनवर घालवली होती आणि मुलाच्या एकाही कामाला आजवर बरं म्हटलं नव्हतं. आज ते म्हणायला लावायचंच, असा त्याने चंग बांधला होता. साहेबांना विचारून त्याने भंगारातल्या ड्रिलिंग मशीनचं बेअरिंग आणलं होतं.

"हे थ्रस्ट बेअरिंग," तो बायकोला म्हणाला. "वरून सरळ खाली दाब येतो ना, तो हे झेलतं. दोन चकत्या, मध्ये पोलादी गोळ्या. खालची चकती जागची हलत नाही, वरची फिरते. गोळ्या गडगडतात, म्हणून कुणी कुणाला घासत नाही."

"घरातल्या माणसांसाठी मिळतं का असं?" बायकोने विचारलं.

बेअरिंग बसलं. बाबाही बसले. त्यांनी पेपर उघडला आणि टेबलफॅनचा वारा पेपरात भरताच, शिडाच्या होडीसारखे ते सावकाश भिंतीकडे वळले.

"अगं, मशीनमध्ये टनाचा भार असतो यावर," फोरमन ओशाळून म्हणाला. "बाबा पडले पन्नास किलो!"

मग बाबा शिंकले की स्वयंपाकघराकडे, खोकले की दाराकडे. प्रत्येक वेळी सून त्यांना उचित दिशेला लावून जाई.

एवढ्यात आत्या आल्या. आत्यांचा जावई हा एकच विषय, पण तो तासभर पुरे.

"दादा, जावईबापूंना बढती मिळाली बरं का! साहेबच म्हणाले..."

बाबा हळूहळू खिडकीकडे वळले. आत्यांनी आपली खुर्ची खिडकीपाशी ओढली. बाबा कपाटाकडे वळले. आत्या कपाटापाशी. असं करत आत्यांची खोलीला पुरती प्रदक्षिणा झाली, पण बढतीची गोष्ट काही संपेना.

"मी बोलतेय आणि तू पाठ फिरवतोस?" आत्या उठल्याच. "येणार नाही पुन्हा!"

"आत्या, अहो त्या पंख्यामुळे..." म्हणत फोरमन दारापर्यंत धावला. पण आत्या गेल्या.

तो खजील होऊन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. "काढतो बाबा हे. साध्या पंख्याच्या वाऱ्याने..."

"कुठला पंखा?" बायको म्हणाली. "आत्यांना वारा सोसत नाही. मी केव्हाच बंद केलाय."

फोरमनने पंख्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर अलगद टेकलेला होता.

"हात लावू नकोस त्याला," बाबा म्हणाले. "भार आला तर झेलायचा, पण अडकून बसायचं नाही. माझ्या बहिणीसाठीच बनवलेलं दिसतंय."

"म्हणजे... जमलंय का बाबा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने जमीन किंचित रेटली आणि आवाज न करता ते पुरते भिंतीकडे वळले.

"काम बरं झालंय," ते भिंतीला म्हणाले.