रहीमभाईंची एका पायावरची बैठक

गिऱ्हाईक बैल घेऊन दारात उभं आणि रहीमभाई नालबंद एक पाय समोर लांबवून दुसऱ्यावर पार खाली बसलेले. उठल्याशिवाय बोलणार नाहीत. बैलसुद्धा गुमान बघत राही.

लढाईच्या दिवसांत शेवगावच्या पेठेत आमची दुकानं शेजारी. त्यांचं बैलांना नाल ठोकायचं, माझं धान्याचं. तालमीतल्या पोरांच्या बैठकांना ते हसत.

"दोन पायांवर बसलं की एक पाय कामचोरी करतो, शेठ. जोडीतल्या बैलावानी."

पन्नाशी उलटलेली, गुडघे कटकट वाजत. तरी उजवा दमला की डावा.

माझं घोडं अडलं होतं त्यांच्या दुकानावरच्या राहत्या माडीवर. माझ्या पोत्यांना जागा नव्हती. माडी कोरडी, हवेशीर. बदल्यात मी माझी खोली देत होतो. रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होती, पण त्यांच्या सोयीचीच. त्यांच्या बायकोचे, अमीनाभाभींचे, पाय लुळे पडलेले. रोज त्यांना पाठीवर घेऊन हा माणूस उभ्या जिन्यानं अंघोळीला खाली आणी, पुन्हा वर नेई. तरी सौद्याला नकार. डोक्यावर पोती वाहून दुकान उभं केलं मी. नकार मला पचत नाही.

एकदा ते बैठकीत असताना मी समोर उकिडवा बसलो. बैलबाजाराच्या रीतीनं त्यांच्या हातावर उपरणं टाकलं आणि आत दोन बोटं दाबली: एकीऐवजी दोन खोल्या. हात सोडला नाही. पाय थरथरला की कबूल होतील, हा माझा हिशेब. रहीमभाई सावकाश उठले, त्यांना धरून मीही उठलो. थरथरत होते ते माझे पाय. अख्खी पेठ हसली.

माझं डोकं फिरलं. "उद्या जिन्यात पाय घसरला म्हणजे? बायकोला मारणार आहात का?"

ते पायरीवर टेकले. वर माडीत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज हळू केला.

"म्हणून तर पाय राखतो. तुमच्या खोलीतून तिला दिसभर लोकांचे पायच दिसतील, शेठ. जिचे गेले तिला ते कशाला दाखवू? माडीवर हाय तर लोक मान वर करून बोलतात तिच्याशी."

त्या साली माझी पोती परक्या पडवीत भिजली. तो राग अजून आहे.

पण त्या दिवशी आम्ही पायरीवर असतानाच माडीच्या खिडकीतून भाभींनी विचारलं, "शेठ, सौदा तुटला वाटतं?"

"तुटला, भाभी."

कसला, ते त्यांनी विचारू नये म्हणून मी त्यांना त्या दिवसाचा सगळा बाजार सांगत सुटलो, मान अवघडेपर्यंत.