चार ओळींची साफसफाई

चांगला कोड लिहिता आला की माणसाला जगात काहीच अवघड नाही, असं निरंजनचं ठाम मत! आयटी पार्कजवळच्या माण गावात तो कोंडिबांच्या बिल्डिंगीत भाड्यानं राहायचा, खिडकी उघडली की समोर भिंत अशा कोंदट खोलीत. वरची हवेशीर खोली रिकामी होणार होती आणि तिच्यावर त्याचा डोळा होता.

एका रविवारी कोंडिबाच म्हणाले, "इंजनेर, आमच्या तिघा भावांचा कंप्युटर लई भरलाय. तेवढा मोकळा करा, वरची खोली तुमची!"

"पाच मिनिटं, काका!"

उघडून बघतो तर भावांची तीन फोल्डरं, नावं इंग्रजीत: बहिरू, गेणबा, कोंडिबा. फोल्डराच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, आणि तळाशी तिन्हीकडे तेच सातबारे, तेच फेरफार, तेच नकाशे! निरंजनला हसूच आलं. दुसरा कोणी लूपमध्ये लूप कोंबत बसला असता. यानं पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अस्सल चार ओळी लिहिल्या. कोड आपला आपण प्रत्येक फोल्डराच्या तळाशी उतरणार, एबीसीडीच्या क्रमानं फिरणार, पहिली प्रत ठेवणार, तीच पुन्हा दिसली की उडवणार. इतका देखणा कोड, की चालवण्याआधी त्यानं त्याचा फोटो काढून मित्राला पाठवला!

डिस्क मोकळी झाली. कोंडिबांनी आपलं फोल्डर उघडलं. तेही मोकळं!

"माजा सातबारा कुटं हाय?"

"आहे ना काका, बहिरूकाकांच्या फोल्डरात! 'बी' आधी येतो ना."

"त्येच्याकडं हाय म्हंजी गेलाच की!"

आरडाओरडा ऐकून गेणबा धावत आले आणि आपलं रिकामं फोल्डर बघून तेही ओरडायला लागले. धाकटे बहिरू मात्र मिशीत हसले. "बरं झालं. आता समद्याचा मालक मीच!"

भराभर निरंजननं सगळ्या प्रती जागच्या जागी परत टाकल्या. "घ्या काका, होतं तसं झालं!"

"मदल्या टायमाला बहिरूनं त्यात कायबाय फिरवलं न्हाई कशावरनं?" गेणबा म्हणाले.

"आन् माज्या फोल्डरात ह्या पोरानं काय घातलं, कुनाला ठावं?" आता बहिरूही बिथरले.

घरातली शांतता त्या जादा प्रतींवर उभी होती, हे कुठल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत! जमिनीच्या वाटणीवरून भांडण लागल्यापासून नऊ वर्षांत तिघा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं: इंजनेरनं आठ दिवसांत खोली सोडायची. वरची नव्हे हो, ती मिळालीच कुठं होती? भिंतीसमोरचीच! तसा कागद झाला, तिघांच्या सह्या झाल्या, आणि प्रत्येकानं आपापली प्रत घडी घालून खिशात ठेवली.