चार टायर, पकड चांगली

संगमेश्वरकाका अंगणात मारुतीच्या चाकापुढे पालथे पडून टायरच्या खाचेची खोली आगकाडीने मोजत होते. आगकाडी काही रुतेना, कारण खाच नावाची वस्तू त्या टायरवर उरलीच नव्हती. पार गोटा झाला होता.

शिवांजली वही-पेन घेऊन उभी होती. "काय लिहू, काका? शून्य का शून्याच्याबी खाली?"

"हस तू! पण रेस इंजिनावर न्हाई, टायरवर जिंकत असतेत. ग्रीप लागती, ग्रीप!"

घरात केबल आल्यापासून काकांना हे ज्ञान झालं होतं. परदेशातल्या रंगीत गाड्या गोल गोल फिरताना पाहून त्यांनी चौसाळ्यात हौशी मोटार मंडळ काढलं. मंडळात गाड्या पाच, त्यातली एक ढकलल्याशिवाय सुरू न होणारी. गावाबाहेरच्या पडीक रानात चुन्याच्या रेघा मारून ट्रॅक तयार केला होता आणि येत्या रविवारी पहिली शर्यत होती.

शिवांजलीला शर्यतीचं सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव अडकला होता मारुतीच्या मागच्या सीटमध्ये. अख्ख्या दहावीच्या वर्गात, काचेबाहेर कोपर काढून ऐटीत शाळेत येणारी ती एकटीच. आणि तिच्या वडिलांना, म्हणजे पेंडीचे व्यापारी मन्मथप्पा यांना, नेमकी तीच सीट खुपत होती.

"एवढ्या जागेत सरकी पेंडीची दोन पोती आरामात बसत्यात," ते रोज म्हणायचे. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "संग्या पहिला आला तर सीट राहील. न्हाई आला तर सोमवारी मी पान्हा लावणार."

वर काकांच्या आग्रहाखातर पहिलं बक्षीसही त्यांनी आपल्या दुकानातर्फे जाहीर केलं. काय आहे ते मात्र सांगेनात. "उपयोगाचं हाय," एवढंच.

बीडच्या दुकानातले टायर काकांना पसंत पडले नाहीत. "हे टायर किराणा आणायला ठीक हायेत," असं त्या दुकानदाराला तोंडावर सांगून ते आले आणि थेट एसटीडी बूथवर गेले. त्यांचा वर्गमित्र रामप्रसाद माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात, शेतकी ऑफिसात होता. कारखान्याच्या माणसाला टायरमधलं कळणारच, हा काकांचा हिशेब. लाइनमध्ये खरखर इतकी, की दोघंही दोन गावांना ऐकू जाईल असे ओरडत होते.

"रामप्रसाद, चार टायर पायजेत! एकदम ग्रीपवाले!"

"गरीब? गरीबच देतो की! लाथ मारणार न्हाईत!"

काकांनी शिवांजलीकडे बघून मान डोलावली. माणूस जाणकार आहे, अशा अर्थाने.

"दाती किती पायजेत? चार का सहा?"

"जितके दाते जास्त तितकं बरं! काळ्या मातीत घसरायचे न्हाईत ना?"

"छ्या! गुडघाभर चिखलातून वढून काढतेत! नांदूरघाटहून निघतील, शुक्रवारपस्तोर तिथं येतेत!"

"काका," शिवांजली हळूच म्हणाली, "नांदूरघाटात टायरचं दुकान कधी निघालं?"

"गोडाऊन असंल. तुला काय कळतंय त्यातलं?"

शुक्रवारी सकाळी चार टायर आले. स्वतःच्या पायांनी आले.

कारखान्याच्या मुलखात 'टायर' म्हणजे नुसतं चाक नव्हे. टायरची चाकं लावलेली, ऊस वाहणारी अख्खी बैलगाडी. आणि दात मोजतात ते तिच्या बैलांचे, वय कळायला. हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. फक्त केबल बघणाऱ्यांना नसतं. मन्मथप्पांच्या दुकानापुढे चार गाड्या आणि आठ बैल उभे होते. मुकादम आसाराम खिशातून चिठ्ठी काढून वाचत होता, "संगमेश्वर, चौसाळा. टायर चार. बैल गरीब. कारखान्याचा बॉयलर पेटून ऊस सुरू व्हायला पंधरा दिस हायेत, तवर मोकळेच हाव. बोला मालक, काय भरायचं?"

कुणी काही बोलायच्या आत बैलांनी भरायला सुरुवात केली. पुढे पेंडीचं दुकान उघडं, आणि ते नांदूरघाटहून चालत आलेले.

"अय, हाना की त्याला!" मन्मथप्पा गल्ल्यावरून ओरडले. "संग्या! हे काय आणलंस बे?"

"दादा, टायर..."

"अन् हे टायर कावून खातेत माझी पेंड?"

"गरीब हायेत वो मालक," आसाराम कौतुकाने म्हणाला, "पण भूक लई हाय."

रविवारी काका गोट्या टायरांवरच शर्यतीला उतरले. बैल थकले होते म्हणून आसारामची मंडळी मुक्कामालाच होती. तीही बांधावर गाड्या लावून मजा बघायला बसली. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ नको म्हणून मंडळाने मोठ्या दूरदृष्टीने ट्रॅकवर दोन टँकर पाणी मारलं होतं. काळ्या रानात! शिट्टी वाजली, पाचही गाड्या सुटल्या आणि पहिल्याच वळणावर पाचही गाड्या एका ओळीत रुतल्या. चाकं फिरत होती, चिखल उडत होता, पाहुणे पांढऱ्याचे काळे होत होते. इतकी शिस्तबद्ध शर्यत जगात कुठे झाली नसेल.

शिवांजलीच्या डोळ्यांपुढे पान्हा आला. तिने चप्पल हातात घेतली आणि बांधाकडे धूम ठोकली.

"मुकादम, तुमी कुणाच्या नावानं आलाव?"

"तुज्या काकाच्या की."

"मग जुंपा!"

एका टायरच्या मागं दोर बांधून दोन बैलांनी मारुती अशी उपसली की काकांचं डोकं टपाला लागलं. टायरच्या मागोमाग डुलत डुलत मारुतीने शेवटची चुन्याची रेघ ओलांडली. पंच केदारनाथ गुरुजी छत्री उगारून धावत आले.

"बाद! हे बाद हाय!"

"कावून, गुरुजी?" शिवांजली म्हणाली. "सातवा नियम वाचा."

गुरुजींनी चष्मा पुसला. नियम त्यांनीच, त्या ढकलगाडीवर डोळा ठेवून लिहिला होता. "प्रत्येक गाडीने केवळ स्वतःच्या टायरच्या जोरावर रेषा ओलांडावी. उसनी मदत चालणार नाही."

"मुकादम, चिठ्ठी दाखवा."

"संगमेश्वर, चौसाळा," गुरुजींनी मोठ्याने वाचलं. "टायर... चार."

तीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस! कागदावर लिहिलेल्या शब्दापुढे त्यांचं काही चालेना. त्यांनी एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा शिवांजलीकडे, आणि पुटपुटले, "एकच वापरला. तीन शिल्लक हायेत म्हणा की."

काका पहिले आले. टाळ्या वाजल्या. मन्मथप्पांनी माइक हातात घेतला. "शब्द तो शब्द. सीट न्हाई काढणार." शिवांजलीने बांधावरच दोन उड्या मारल्या. "आता पहिलं बक्षीस. आमच्या दुकानातर्फे, सरकी पेंडीची दोन पोती!"

मारुतीची डिकी चिखलाने भरलेल्या चटया आणि बादल्यांनी आधीच गच्च होती. पुढे चालवायला काका, शेजारी मन्मथप्पा. पोती मागच्या सीटवर अगदी आरामात बसली. एकाने तर खिडकीला टेकून कोपरही बाहेर काढल्यासारखं दिसत होतं.

"आन् मी?" शिवांजलीने विचारलं.

आसारामने गाडीतलं गोणपाट झटकलं. "बस, ताई. गरीब हायेत."

ट्रॅकच्या चिखलातून रस्त्याला लागेपर्यंत मारुती तीनदा अडकली. टायर एकदाही घसरला नाही.