ट्रकमधून काढलेली रेघ

आम्ही रीनोत घर घेतलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी आमच्या अंगणात एक बाई उकिडव्या बसून आमचा दगड चाटत होत्या.

दगड आमचाच होता. नेवाडाच्या वाळवंटात गवत जगत नाही, म्हणून बिल्डर लोक घरापुढे दगड पसरून देतात आणि त्याला लँडस्केपिंग म्हणतात. त्यातला एक उचलून बाईंनी नीट चाटला, भिंगातून पाहिला, पुन्हा चाटला. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर भलीमोठी टोपी, सलवार-कुडत्याखाली डोंगर चढायचे बूट. मी मुग्धाला, म्हणजे बायकोला, हाक मारली. तिने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "टिकली लावलीय. आपलीच कोणीतरी असणार."

आपल्याच निघाल्या. सामान सोडायच्या आधी मुग्धाने दारावर देवनागरी पाटी ठोकली होती, ती त्यांनी वाचलेली होती. मला पाहून त्या उठल्यासुद्धा नाहीत. "फसवलं रे बाप्पा तुम्हाला. हा दगड इथला नाही. ओरेगॉनचा आणून टाकून राहिले." मग त्यांनी चूळ भरली, दगड होता तिथे होता तसा ठेवला आणि समोरच्या घरात निघून गेल्या.

या कुंदामावशी. पूर्ण नाव कुंदा पांढरीपांडे, मूळच्या नागपूरच्या. हे आडनाव अर्ध्यापर्यंत गेलं की अमेरिकन माणसाला बसावं लागतं, म्हणून ऑफिसात त्यांना डॉक्टर पी म्हणतात. तीसेक वर्षं त्या एका सरकारी ऑफिससाठी वाळवंटाचे नकाशे करत होत्या. रस्त्यांचे नाहीत, खडकांचे. कुठला खडक कुठे संपतो, कुठला कुठे सुरू होतो आणि जमीन कुठे तुटून सरकलीय, ते दाखवणारे. जमीन तुटते त्या जागेला त्या मराठीतही फॉल्टच म्हणत. "आयुष्यभर मी फॉल्टच शोधत आले," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितल्यावर मुग्धा म्हणाली, "माझ्या सासूबाईंशी तुमची ओळख करून द्यायला हवी." मी तिथेच बसलो होतो.

चाटण्यामागे शास्त्र आहे. ओला झाला की दगडाचा खरा रंग दिसतो. काही दगड तर चावायचेही असतात. दाताखाली कचकच लागली तर एक जात, मऊ लागला तर दुसरी. ही सवय इतकी मुरलेली, की मुग्धाने दिवाळीत चकली पुढे केली तर मावशींनी तुकडा मोडून चावला आणि डोळे मिटून घेतले. आम्ही दोघं निकालाची वाट पाहत उभे. "कण बारीक आहेत," त्या म्हणाल्या, "पण थर एकजीव आहे." मुग्धाने हे कौतुक म्हणून घेतलं. मी अजून खात्री देत नाही.

त्यांचा फ्रीजही त्यांच्या शास्त्राप्रमाणे चालतो. खालचं ते जुनं, वरचं ते नवं. मावशी पडशाने आजारी होत्या तेव्हा मुग्धाने ताजं वरण नेलं आणि सुनेच्या उत्साहाने खालच्या कप्प्यात ठेवलं. तीन दिवसांनी मावशींचा फोन. "पोरी, माझ्या फ्रीजमध्ये काहीतरी उलथापालथ झाली. तळाशी ताजं वरण सापडून राहिलं. मी जुनं समजून फेकलं असतं ना." वर पुन्हा, "कोण आलं होतं?" असंही विचारलं. मुग्धाने माझं नाव सांगितलं.

उतार मोजायचं होकायंत्र त्यांच्या पर्समध्ये कायम असतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ऐन आरतीत त्यांनी ते मखराला लावलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "तीन अंश कललंय. ईशान्येकडे." मांडणी करणारे दुसऱ्या शहरातून बदलून आलेले एक इंजिनीअर होते, त्यांचा चेहरा उतरला. भटजींनी मात्र ईशान्य शुभ असल्याचं सांगून आरती पुढे नेली. प्रसादाच्या वेळी मावशी भटजींना म्हणाल्या, "शुभ असेल. पण कललंय."

पण मावशी खऱ्या कळायच्या तर त्यांच्या रेघा कळायला हव्यात. नकाशावर फॉल्टची रेघ तीन तऱ्हांनी काढतात. स्वतः चालत जाऊन, डोळ्यांनी पाहून, हात लावून खात्री केली असेल तर पक्की रेघ. इथेच कुठेतरी आहे पण नेमकं सांगता येत नाही, तर तुटक रेघ. आणि आहे, पण वर वाळू आल्यामुळे दिसत नाही, तर ठिपक्यांची. सगळं जग मावशींनी या तिघांत वाटून टाकलं होतं. जेवायला बोलावलं की, "सातला येते. तुटक." मंडळाच्या सेक्रेटरींनी हॉल बुक झाल्याचं सांगितलं तर, "पक्की की तुटक?" मंडळात कोणी लग्नाचं स्थळ काढलं आणि मुलगा स्वभावाने गरीब आहे असं म्हटलं, की मावशींचा ठरलेला प्रश्न, "चालून पाहिलं का?" आणि एखाद्या माणसाबद्दल त्यांचं मत अगदीच वाईट झालं, तर त्या एवढंच म्हणत, "ट्रकमधून रेघ काढणाऱ्यांपैकी आहे." म्हणजे उन्हात उतरायचा कंटाळा, गाडीत बसून लांबून डोंगर बघायचा आणि कागदावर पक्की रेघ ओढून मोकळं व्हायचं. यापेक्षा मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती. ती त्यांनी दोन प्रोफेसरांना, एका मंत्र्याला आणि एकदा मला दिलेली आहे.

त्यांचे यजमान शिरीषकाका. मी त्यांना पाहिलेलं नाही, आम्ही इथे यायच्या आधीच हार्ट अटॅकने गेले. तेही नकाशेवालेच. फोटोत ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलेले आहेत, हातात थर्मास, तोंड उघडं. गात असावेत. मावशी त्यांच्याविषयी फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "शिरीष माणूस चांगला. चालायचा कंटाळा."

दोघांनी मिळून केलेला एकच नकाशा आहे. लोक देवाचा फोटो लावतात तिथे, हॉलमध्ये, तो लावलेला आहे. कोपऱ्यात खाली एक छोटा चौकोन, त्यात कुठला भाग कोणी चालून काढला ते लिहिलेलं. उत्तरेत मावशींचं नाव, दक्षिणेत काकांचं. तसा तो चौकोन कोणी वाचत नाही.

गेल्या सप्टेंबरात ऑफिसने हा नकाशा नव्याने काढायचं ठरवलं. आता तिथे जेनिफर म्हणून एक बाई प्रमुख आहेत. त्यांनी रिटायर झालेल्या मावशींना जुना नकाशा तपासायला दिला आणि वसंतात आपली माणसं ड्रोन घेऊन जातील असं कळवलं. त्या दिवसापासून मावशी जेवायला आल्या तरी गप्प. तिसऱ्या दिवशी मुग्धाने विचारलंच.

मावशींनी नकाशाची गुंडाळी ताटाशेजारी उघडली. दक्षिणेकडे एक रेघ होती, मैलभर, दोन टेकड्यांवरून गेलेली. पक्की.

"सरळ आहे," मी म्हणालो.

"हौ ना. तेच. जमीन अशी पट्टी लावल्यासारखी तुटत नसते. आणि चालून काढलेली शिरीषची रेघ कधी सरळ निघालीच नाही. ही त्याने चालून काढली नाही, असं मला वाटून राहिलं." मग म्हणाल्या, "आजचं नाही. तेव्हापासून वाटून राहिलं. मी कधी पाहायलाच गेले नाही."

"मग?"

"मग ड्रोनवाले पाहतील. आणि चुकली असली तर शिरीषच्या नावावर लिहितील. सगळं ऑफिस वाचेल. त्यांच्या आधी मला पाहायचं आहे."

माझ्याकडे फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी मोठी गाडी आहे. मी रेडमंडच्या एका कंपनीसाठी घरून कोड लिहितो, त्यामुळे ती गाडी किराणा आणायला जाते. वाळवंटात एकट्याने जायचं नाही असा मावशींचा नियम होता. "तुझ्या गाडीची चारही चाकं चालतात ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "चालवून पाहिली का?" त्या शनिवारी आम्ही निघालो.

चार तास हायवे, मग दीड तास धुळीचा रस्ता. दोन्ही बाजूंना राखाडी झुडपं, मध्येच मिठाने पांढरं पडलेलं कोरडं तळं, आणि डोंगर. मला सगळे डोंगर तपकिरी दिसत होते. मावशींना त्यात अकरा रंग दिसत होते आणि त्या मला ते सगळे सांगत होत्या. वाटेत डब्यातून सांबारवडी काढली. मी सांबार कुठे आहे म्हणून विचारलं. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याच्या माणसाला माहीत नसावं याचं दुःख त्यांना पुढचे वीस मैल पुरलं.

पोचल्यावर त्यांनी काम समजावून दिलं. समोरच्या टेकडीवर काळपट लाव्ह्याचा एक थर आडवा गेलेला. रेघ खरी असेल तर तो थर रेघेपाशी तुटायला हवा आणि पलीकडे खाली सरकलेला दिसायला हवा. माझ्या हातातल्या टॅब्लेटवर रेघ, आमच्या पायाखाली टेकडी. आपण रेघेवर उभे आहोत की नाही, एवढं मी सांगायचं.

"उभे आहोत," मी म्हणालो.

थर तुटलेला नव्हता. या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड. मावशी खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा गेल्या. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, हातात काठी. तीन ठिकाणी हातोडीने टवके काढले, तिन्ही चाटले. तिन्ही सारखेच निघाले असावेत, कारण त्यांनी चौथा काढला नाही. मला प्रथमच असं झालं, की समोरचा दगड तुटलेला असता तर बरं झालं असतं.

खरा फॉल्ट टेकडीमागच्या घळीत सापडला. घासून गुळगुळीत झालेला खडक, त्यावर जमीन खाली सरकल्याचे उभे ओरखडे. मावशींनी त्यावर हात फिरवला. काकांच्या रेघेपासून तिथपर्यंत मी पावलं मोजली, दीडशे भरली.

मग त्या मला जुन्या रस्त्यावर एका जागी घेऊन गेल्या. ट्रक उभा करता येईल अशी तेवढी एकच सपाट जागा होती. तिथून घळ दिसत नाही. पण दोन टेकड्यांवर सावली अशी पडते, की फॉल्ट सरळ त्यांच्यावरून गेलाय असंच वाटतं.

"इथेच बसला होता," मावशी म्हणाल्या. "थर्मास घेऊन. गाढव कुठला."

"दीडशे पावलं तर आहेत, मावशी. एवढ्या मोठ्या नकाशात काय ते."

"दीडशे पावलं नाही चालला तो." त्या माझ्या गाडीच्या सावलीत बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "त्या वर्षापासूनच त्याला दम लागून राहिला होता. मला नंतर डॉक्टरने सांगितलं. मी म्हणत होते, आळशी आहे. काहून लपवलं रे त्याने? मी काय म्हटलं असतं? मी म्हटलं असतं, आधी चाल, मग दम लागू दे. हेच म्हटलं असतं मी."

मी पाण्याची बाटली दिली.

"तुटक काढायची होती," त्या म्हणाल्या. "तुटक काढली असती तर चुकलं नसतं. पण तुटक पाहिली की मी विचारलं असतं ना, काहून तुटक, काहून नाही गेला चालत? म्हणून पक्की काढली. मला भिऊन काढली रे त्याने ती." आणि त्या रडल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ रडल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच खडकांकडे लक्ष देऊन पाहत उभा राहिलो.

दोन आठवड्यांनी दुरुस्तीचा फॉर्म भरायला त्यांनी मला बोलावलं. वेबसाइटवरचे फॉर्म त्यांना आवडत नाहीत. नवी रेघ त्यांनी आधीच काढली होती, घळीतून जाणारी, वाकडी आणि पक्की. खाली रकाना होता, मूळ नोंद कोणाची. मी काकांचं नाव टाइप करायला लागलो.

"माझं लिही."

"मावशी, दक्षिणेचा भाग काकांचा ना? त्या चौकोनात तसंच आहे."

"चौकोन छापताना चुकला. तसं वेगळं लिही. तो पट्टा माझा होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. तीन अंश कललेलं मखर ज्यांनी आरतीत सोडलं नाही, त्या मावशी स्क्रीनकडे बघत होत्या. मी त्यांचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, चूक का झाली. त्यांनी एकेक शब्द सांगितला आणि मी लिहिला: जागेवर चालत न जाता, गाडीतून पाहून रेघ काढली.

जेनिफरचा त्याच दुपारी फोन आला. स्पीकरवर होता, मीही ऐकला. त्या फार चांगल्या बोलल्या. पण शेवटी त्यांना राहवलं नाही. "डॉक्टर पी, तुम्ही?" त्यांनी विचारलं. मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "त्या दिवशी ऊन फार होतं."

आता ऑफिसात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी नवीन मुलगी उन्हाला कंटाळली की तिला म्हणतात, घाबरू नकोस, डॉक्टर पींनीसुद्धा एकदा ट्रकमधून रेघ काढली होती. ख्रिसमसच्या पार्टीत हे मावशींच्या तोंडावर बोलले आणि सगळे हसले. मी त्यांना आणायला गेलो होतो, दारात उभा होतो. मला ते आवडलं नाही. गाडीत बसल्यावर मी तसं म्हणालो. तुम्हाला वाईट नाही का वाटत, असंही विचारलं.

मावशींनी सीटबेल्ट लावला.

"मला बोलले तर मी उत्तर देईन ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "तो कसा देणार?"