वाचन पंधरवड्यानिमित्त वाचनकक्ष बंद

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचन पंधरवडा साजरा होत असल्यामुळे वाचनकक्ष पंधरा दिवस बंद राहील, वाचकांनी सहकार्य करावं, अशी सूचना सोमवारी सकाळी दारावर लागली. खाली ग्रंथपालांची सही. सहीखाली शिक्का. शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'कृपया सूचना वाचावी.'

रोहिणीनं ती वाचली. मग परत वाचली. त्या पंधरवड्यात ग्रंथालयात पुरं झालेलं वाचन एवढंच.

कर्जतच्या बाहेर माळावर हे विद्यापीठ. रोहिणी देवळाली प्रवराची, एमएस्सीला इथं आलेली. पंधरवडा संपतो त्याच रविवारी नगरला तिची कृषी अधिकारी पदाची परीक्षा होती. तयारी सगळी झालेली, फक्त चोपण जमिनीचा भाग राहिलेला. पाटाचं पाणी पिऊन पिऊन पांढऱ्या पडलेल्या जमिनी तिनं घरामागंच बघितल्या होत्या, पण बघितलेलं पेपरात लिहिता येत नाही. बाकी तयारी ज्या जाड पुस्तकावरून केली, त्याच्यातच तो भाग शेवटी होता. छपाई बंद. अख्ख्या विद्यापीठात एक प्रत.

ती प्रत रोहिणी दर सोमवारी न्यायची आणि शनिवारी परत करायची. कारण पुस्तकानं रविवार कपाटातच काढला पाहिजे, असा नियम होता. नियम कुणी केला ते माहीत नव्हतं, पण पाळत सगळे होते. ह्या शनिवारीही तिनं पुस्तक परत केलं. हीच तिची चूक.

आत शिपाई गहिनीनाथमामा स्टुलावर चढून दाराला लाल फीत बांधत होते.

"मामा, माझं पुस्तक द्या ना तेवढं."

"तुजं पुस्तक आता तुजं न्हाई राहिलं, ताई. त्ये आता लई मोठं झालंय." मामांनी हनुवटीनं आत दाखवलं.

आत मधोमध काचेची पेटी. पेटीला कुलूप. पेटीत मखमल आणि मखमलीवर तिचं पुस्तक. वर पाटी: 'सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक'.

"सगळ्यात जास्त कुणी वाचलं हे?"

"कुनी म्हंजी? तूच की! दर सोमवारी दुसरं कोन नेतंय? कॉम्प्युटरनं काढलं नाव. तुला येवढं वाचायला सांगितलं हुतं का कुनी?"

रोहिणी ग्रंथपालांकडं गेली. डॉ. रंगनाथ म्हसे टेबलावर तीन प्रकारच्या शाली पसरून बसले होते. मान्यवरांना कोणती द्यायची, ते ठरत नव्हतं.

"सर, ते पेटीतलं पुस्तक मला हवंय. पुढच्या रविवारी पेपर आहे."

"अभिनंदन!" सर उठून उभे राहिले. "अहो, हेच तर आपल्याला लोकांना दाखवायचंय. पुस्तकाला मागणी आहे!"

"मग द्या ना, सर."

"दिलं तर दाखवू काय?"

सरांनी तिला बसवून नीट समजावलं. प्रदर्शनाचं उद्घाटन झाल्याशिवाय आतली वस्तू हलवता येत नाही. उद्घाटन मान्यवर करणार. मान्यवरांना तारीख मिळत नव्हती, ती एकदाची मिळाली, पंधरवड्याच्या शेवटच्या दिवसाची. म्हणजे पंधरवडा सुरू झाला होता, पण त्याचं उद्घाटन तो संपताना होणार होतं. तोवर वाचनाला प्रोत्साहन देता येत नव्हतं. तसं परिपत्रकच होतं.

"मग निदान काचेतून वाचू द्या. ते उघडं तर ठेवलंय."

"वाचा की! आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

पुस्तक अनुक्रमणिकेवर उघडं होतं. आतल्या पानांवर फार मजकूर आहे, बघणाऱ्याला कंटाळा येईल, असं सजावट समितीचं मत पडलेलं. रोहिणीनं अर्ज केला, रोज एकेक पान उलटावं. अर्ज समितीकडं गेला. समितीनं विषय गंभीर असल्याचं मान्य करून पान उलटणी उपसमिती नेमली. उपसमितीनं चहा घेतला, पेटीला प्रदक्षिणा घातली आणि अहवाल दिला: पान उलटल्यास आधीचं पान दिसेनासं होण्याचा धोका आहे, सबब आहे ती मांडणी कायम ठेवावी.

दरम्यान ग्रंथालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेवा सुधारत चाललेली. मंगळवारी आलं, 'कपाटे भरलेली दिसावीत म्हणून पुस्तक देवघेव तात्पुरती स्थगित. वाचकांच्या सोयीसाठी.' गुरुवारी आलं, 'वाचकांना येण्याजाण्याचा त्रास होऊ नये म्हणून मुख्य दार बंद.' मग आलं, 'सेवेबाबत तक्रारी असल्यास आतील तक्रारपेटीत टाकाव्यात.' प्रत्येक निरोपाखाली पोरांनी धडाधड अंगठे दिले. एकानं तर 'स्तुत्य उपक्रम' म्हणून फुलं टाकली. तो ग्रंथालयात कधी गेलाच नव्हता, त्यामुळं त्याची गैरसोय काहीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मान्यवरांच्या ऑफिसातून फोन आला. साहेबांना वाचक दिसले पाहिजेत.

सर हादरले. वाचक तर सगळे बाहेर काढलेले! आता आयत्या वेळी आणायचे कुठून? मग त्यांना सुचलं. गणपतीत मंडळं करतात तसा जिवंत देखावा करायचा. खुर्ची, दिवा, हातात पुस्तक घेतलेला वाचक, भोवती दोरी. त्यांनी रोहिणीला बोलावलं.

"तुम्ही आमच्या सर्वोत्कृष्ट वाचक. तुम्हीच बसायचं."

"बसते, सर. पण हातात तेच पुस्तक पाहिजे. पेटीतलं."

"अहो, त्याशिवाय शोभा कशी येणार?"

इतकं सोपं होतं तर! शनिवारी रंगीत तालीम ठरली. मामांनी कुलूप काढलं, पुस्तक रोहिणीच्या हातात दिलं. ती खुर्चीत बसली, चोपण जमिनीचं प्रकरण काढलं आणि अधाशासारखी वाचायला लागली. पहिलं पान झालं. दुसरं निम्मं झालं.

"मान वर!" सर ओरडले. "फोटोत नुसते केस येतायत."

"सर, मान वर केली तर वाचू कशी?"

"वाचायचं कुठंय तुम्हाला? तुम्ही वाचक आहात. दिसायचंय!"

तिनं मान वर केली.

"आता हसा. अहो, दात नका दाखवू. ज्ञान मिळाल्यासारखं हसा."

मामांनी लांबून बघितलं आणि डोकं खाजवलं. "सायेब, पोरगी बरी दिसतीया, पर पुस्तक लई बारकं पडतंय. मागच्या खुर्च्यांवरनं काय कळायचं? मोबाईल बघतीया का काय, आसं वाटतंय."

मुद्दा बिनतोड होता. कर्जतच्या मखरवाल्याकडून पुरुषभर उंचीचं थर्माकोलचं पुस्तक आलं. थर्माकोलला बंदी, म्हणून बिलात त्याला 'हलका पुठ्ठा' म्हटलं. खरं पुस्तक मामांनी रोहिणीच्या हातातून काढून घेतलं, मखमलीवर ठेवलं आणि कुलूप लावलं.

"मामा, एका रात्रीपुरतं तरी द्या हो. सकाळी आणून ठेवते."

"आन् सकाळी न्हाई आनलं तर? मान्यवरांना काय, रिकामी पेटी दावू? माझी पेन्शन जवळ आलीय, बाई."

रविवारी मान्यवर सकाळी दहाला येणार होते. पेपर अकराला, नगरला.

"सर, मला पहाटेच निघावं लागंल. पेपर आहे."

"परीक्षा परत येईल हो. मान्यवर येतील का परत?" सर खरंच दुखावले. "एवढं वाचून तुमच्यात वाचनाविषयी काडीची आस्था नाही, ह्याचं वाईट वाटतं."

रोहिणी पहाटेच्या एसटीनं गेली. गेटवर मामांनी तिला जाताना बघितलं आणि तोंड फिरवलं. सरांनी नंतर विचारल्यावर म्हणाले, "जानारांकडं बघायची ड्यूटी वॉचमनची हाय."

पेपरात चोपण जमिनीवरच मोठा प्रश्न आला. रोहिणीला अनुक्रमणिका तोंडपाठ होती. तिनं सगळ्या प्रकरणांची नावं क्रमानं लिहिली, पान नंबरांसकट. पुढं काही सुचेना.

इकडं मान्यवर दुपारी एकला आले. फीत कापली, आत शिरले आणि दोरीपाशी थबकले. दिवा पेटलेला, भलंमोठं पुस्तक उभं आणि खुर्ची रिकामी. नोकरी गेली, असंच सरांना वाटलं.

"पुस्तक आहे," मान्यवर हळू आवाजात म्हणाले, "पण वाचक नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय कल्पना आहे, सर! काळजाला भिडलं."

"हो, साहेब," सर म्हणाले. "हीच संकल्पना होती. पहिल्यापासून."

मग मान्यवर आजची पिढी वाचत नाही ह्यावर तासभर बोलले. पुढच्या रांगेतले सगळे खाली मान घालून मोबाईल बघत ऐकत होते.

रिकाम्या खुर्चीचा फोटो संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरला. 'वाचक हरवला आहे.' एसटीत दांडा धरून उभ्या असलेल्या रोहिणीला तो तिच्याच चुलत्यानं, वैजनाथनानांनी पाठवला. खाली लिहिलेलं, 'बेटा, तू तरी वाचत जा.'

'हो नाना,' तिनं टाईप केलं.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. पुढच्या परीक्षेसाठी पुस्तक मागायला ती परत ग्रंथालयात गेली, तर लोकांच्या आग्रहास्तव देखावा कायमचा केलेला. वाचनकक्षातच. पेटीसकट.

तो फोटो तुमच्याकडंही आला होता. तुम्ही खाली 'खरंय' लिहिलंत, रडकं तोंड टाकलंत आणि चार ग्रुपवर ढकललात. कोणतं पुस्तक, कुठलं ग्रंथालय, काही विचारलं नाहीत. चांगलं केलंत. आता मोठ्या कार्यक्रमांना त्या खुर्चीत बसायला सर एक माणूस शोधतायत, आणि तुमच्यासारखाच हवाय. वाचता आलं नाही तरी चालंल. पुस्तक मागायची सवय तेवढी नको.